सैल सॉकेट, चिऱ्याची भिंत आणि चवथीआधीचे सहा आठवडे

जुलैचा दुसरा आठवडा. गोव्यातल्या आमच्या माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा आषाढातला उत्सव, होऊन दोन-तीन दिवस झाले होते आणि पावसाला जराही उसंत नव्हती. ऑफिसमधून येऊन मी वसरीत छत्री टेकवत होते, तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "बाय, इस्त्रीची पिन काढायला गेले तर भिंतच हातात येते बघ."

जाऊन बघितलं. सॉकेटची प्लेट एका बाजूने बोटभर बाहेर आली होती आणि खालच्या फटीतून लाल माती जमिनीवर सांडली होती. एक बटण, एक सॉकेट, एवढाच छोटा बोर्ड. पण तो मधल्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीला आहे. आमच्याकडे गणपती तिथेच बसतो, पूर्वेला तोंड करून. वर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधली जाते आणि तिच्यावरच्या दिव्यांची माळ याच सॉकेटला लागते. आठ-दहा दिवसांत माटोळीची पानं सुकून कुरकुरीत होतात. त्यांच्या शेजारी ठिणगी टाकू शकणारं सॉकेट आहे, हे त्याच क्षणी मनात आलं आणि नंतरचे सहा आठवडे ते मनातून गेलं नाही.

हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच की मी शोधत होते तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या भिंतींबद्दल होतं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या घरात, भर पावसात, गोव्याच्या दमट हवेत हे काम कसं होतं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिली चूक मी लगेचच केली. रविवारी, १३ जुलैला, पुठ्ठ्याची घडी घालून प्लेटच्या मागे सारली, सैल स्क्रूच्या जागी जरा जाड लाकडी स्क्रू फिरवला आणि प्लेट घट्ट बसली म्हणून समाधान मानलं. असं कुणीही करू नये. ज्या ठिकाणी वायर तापू शकते तिथे मी स्वतःच्या हाताने जळण ठेवलं होतं, आणि लाकडी स्क्रूने बॉक्सच्या कानातले उरलेसुरले आटेही कापले गेले. प्लेट आठवडाभर टिकली.

त्या आठवड्यात दुसरीच गोष्ट सुरू झाली. इस्त्री लावली की त्याच खोलीतली ट्यूब लुकलुकायची. पावसात आमच्याकडे वीज खालीवर होतेच, त्यामुळे वाटलं खांबावरचं काहीतरी असेल. सोमवारी, २१ जुलैला, वीज खात्याच्या १९१२ या नंबरवर फोन केला. त्यांनी घराचा पत्ता आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक विचारला, तक्रार क्रमांक दिला. तो मी वहीत लिहून ठेवला. फोन करण्याआधी जुनं बिल हातात घेऊन बसा, म्हणजे धावपळ होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमन आले. त्यांनी खांबापासून मीटरपर्यंत बघितलं, मीटरजवळ तपासलं आणि म्हणाले, "ताई, लाइन बरी आहे. दिवा एकाच खोलीत नाचतो ना? मग दोष घरातच आहे. मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढे तुमचं. वायरमनला दाखवा, आणि तोवर ती इस्त्री तिथे लावू नका."

एकाच खोलीत नाचतो ना, हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. सगळ्या घरात दिवे कमीजास्त होत असतील तर दोष बहुधा बाहेरचा. एकाच खोलीत, तेही एखादी वस्तू लावल्यावर होत असेल, तर त्या खोलीतला एखादा सांधा सैल आहे.

शनिवारी, २६ जुलैला, मी तो बोर्ड उघडायचं ठरवलं. दुरुस्त करायला नाही, नुसतं आत काय आहे ते बघायला. मुख्य बोर्डावर कुणीतरी बॉलपेनने "मधली खोली" असं लिहिलेला एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) होता, तो पाडला. रबरी चपला घातल्या, हात पुसून कोरडे केले, टेस्टर घेतला. सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, टोपीवर अंगठा ठेवला आणि आतला लाल ठिपका पेटला.

मेन स्विच पाडला. कुठेतरी टक् असा आवाज झाला. पुन्हा टेस्टर लावला. ठिपका तसाच.

त्या वेळी मला खरोखर भीती वाटली. सगळ्या घराची वीज बंद आहे आणि समोरच्या भिंतीत ती जिवंत आहे. मग वसरीतला पंखा फिरताना दिसला आणि उलगडा झाला. इन्व्हर्टर. तीन-चार वर्षांपूर्वी पावसात वायफाय बंद पडू नये म्हणून हे सॉकेट कुणीतरी इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकलं होतं. बोर्डावरचं नाव मात्र जुनंच राहिलं. मेन पाडला की तो टक् आवाज करून इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि २३० व्होल्ट पुन्हा हजर. नुसतं त्याचं समोरचं बटण बंद करून मेन चालू ठेवला तरी कित्येक इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे सोडतात. म्हणून दोन्ही बंद करायचं: मेन पाडायचा, इन्व्हर्टर बंद करायचा आणि त्याची पिनही काढायची. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी या लेखातलं बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हे एवढं ठेवा. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाहीच असं धरू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभं राहिलं तर कधी कधी तो वीज असूनही पेटत नाही.

सगळं खरोखर मेल्यावर प्लेट काढली. लेकीने मोबाइलचा उजेड धरला. आधी फोटो काढून घेतले: समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी. नंतर हे फोटो फार उपयोगी पडले.

आतला पत्र्याचा बॉक्स गंजून तपकिरी झाला होता. स्क्रू जिथे जातो ते दोन कान असतात, त्यातला डावा कान गंजून तुटून खाली पडला होता. उजव्याचे आटे मी खाल्ले होते. बॉक्स बोटाने ढकलला तर आत-बाहेर हलत होता, कारण त्याच्या भोवतीचा पांढरा लेप ओल्या खडूसारखा मऊ झाला होता. हात लावला की लाल मातीबरोबर गळत होता.

सॉकेट उलटं केलं. मागच्या पांढऱ्या प्लास्टिकवर, न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीच्या, टर्मिनलभोवती, चहाच्या डागासारखा तपकिरी गोल उमटला होता. त्या टर्मिनलमध्ये दोन काळ्या वायरी एकत्र खुपसल्या होत्या, एक येणारी आणि एक ट्यूबकडे जाणारी. स्क्रू इतका सैल होता की वायर नुसती ओढली तर बाहेर आली. टोकाकडचं आवरण कडक होऊन नखाने भुरभुरत होतं. हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कशालाच जोडलेली नव्हती. बॉक्सच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती.

हे का होतं ते नंतर वायरमनकाकांनी समजावलं. पिन घालताना-काढताना सैल सॉकेट हलतं, सॉकेट हललं की मागच्या वायरी हलतात, आणि टर्मिनलचा स्क्रू हळूहळू ढिला होतो. सैल सांध्यात तांब्याला तांबं नीट टेकत नाही, तिथे विरोध वाढतो आणि त्या एका बिंदूला उष्णता होते. तापलं की धातू फुगतो, निवलं की आकसतो, सांधा आणखी सैल होतो. एमसीबी यात काहीच करत नाही, कारण वीज जास्त वाहतच नसते. आमची इस्त्री हजार वॅटची, म्हणजे साधारण ४.३ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला ती चालते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल, आणि इकडे भिंतीत प्लास्टिक भाजत होतं. भिंतीतला बॉक्स हलतो ही दिसायला किरकोळ गोष्ट, पण आग तिथून सुरू होऊ शकते. ट्यूब लुकलुकायचं कारणही तेच होतं, तिची न्यूट्रल याच टर्मिनलमधून गेली होती.

मी वायरींची टोकं वेगवेगळी टेप लावून बंद केली. इन्व्हर्टरच्या खाली नाव नसलेला एक छोटा एमसीबी सापडला, तो या लाइनचा निघाला. तो पाडून त्याच्यावर चिकटपट्टी लावली आणि कागद डकवला: "काम चालू आहे, वर करू नये." घरात चार माणसं असतील तर हा कागद हवाच. अंधार दिसला की कुणीही सहज बटण वर करतं.

मग वायरमन शोधणं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गोव्यात वायरमन, रंगारी आणि सुतार मिळणं किती कठीण असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. दोघांनी फोन उचलला नाही. एकाने "एवढ्याशा कामाला?" म्हणून विचारलं. शेवटी आमच्याकडे पूर्वी येऊन गेलेले एक परवानाधारक वायरमनकाका ९ ऑगस्टला यायला तयार झाले. दोन आठवडे मधली खोली आणि वसरी अंधारात. स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन ओढून एक दिवा लावला. सासूबाई रोज संध्याकाळी देवापुढे समई लावून म्हणायच्या, "पूर्वी असंच होतं." त्यांचा आवाज मुळीच तक्रारीचा नसायचा, आणि मला त्यामुळेच जास्त वाईट वाटायचं.

शनिवारी, ९ ऑगस्टला, काका आले. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. हे मी स्वतः केलं तर चालेल का, आणि कुठवर?

त्यांनी सांगितलं ते असं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरातल्या वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं असतं. दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, तशीच छोटी फिटिंग बदलायला मुभा आहे, पण जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे तुटलेल्या सॉकेटच्या जागी तसंच दुसरं सॉकेट बसवता येतं. नवी लाइन ओढणं, सॉकेट दुसरीकडे हलवणं, ६ अँपिअरच्या जागी १६ अँपिअरचं बसवून त्यावर गिझर लावणं, हे आपलं काम नव्हे. "बॉक्स तुम्ही बसवा, सॉकेट तुम्ही जोडा," काका म्हणाले, "पण चालू करण्याआधी मला बोलवा. आणि हे इन्व्हर्टरवरून काढायला हवं, ते मी करतो."

त्यांनी भाजलेली वायर तीन इंच कापून टाकली. सुदैवाने आत लांबी शिल्लक होती. ट्यूबची वायर तात्पुरती वेगळ्या कनेक्टरने जोडून दिली, त्यामुळे त्या रात्री खोलीत उजेड आला. भेटीचे तीनशे रुपये घेतले.

भिंतीबद्दलही त्यांनीच डोळे उघडले. आधीचा बॉक्स पीओपीने (प्लास्टर ऑफ पॅरिसने) बसवला होता. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतो, म्हणून घाईच्या कामात सगळे तोच वापरतात. कोरड्या भिंतीत तो ठीक. पण चिरा हा सच्छिद्र दगड. पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने पाऊस झोडपतो, ओल आतपर्यंत येते, पीओपी ती शोषतो आणि मऊ पडतो. शिवाय ओला पीओपी लोखंड गंजवतो. आमच्या बॉक्सचा कान त्यानेच खाल्ला. इथे सिमेंटच हवं.

त्याच संध्याकाळी फोंड्याला जाऊन सामान आणलं. तीन मोड्यूलचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) बॉक्स ७० रुपये, आयएसआय खुणेचं ६ अँपिअरचं सॉकेट १२०, बटण ५५, फ्रेमसह प्लेट १४०, नवा टेस्टर ८०, अरुंद छिन्नी ९०, सुटं सिमेंट किलोभर ३०, लांब स्क्रू १०, वायरीसाठी रबरी बुश १०. शिवाय एक होल्डर, दोन वायरी आणि जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, मिळून ७० रुपये. याचा टेस्ट लॅम्प करून काकांनी वापरायला सांगितलं होतं. एलईडी बल्ब यासाठी नको. तो शेजारच्या वायरीतून झिरपलेल्या अगदी थोड्या विजेवरही मिणमिणतो आणि गोंधळात टाकतो. प्लेट, बटण आणि सॉकेट एकाच कंपनीचं, एकाच मालिकेतलं घ्या, नाहीतर खाचा जुळत नाहीत. जुनी प्लेट पिशवीत घालून न्यायची हे सगळ्यात सोपं.

रविवारी, १० ऑगस्टला, उघडीप होती. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून सकाळी आठला सुरुवात केली. जुना बॉक्स हातानेच निघून आला. मग छिन्नी-हातोडीने सगळा मऊ लेप खरवडून काढला. वायरींवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती, आणि छिन्नी नेहमी वायरींपासून बाहेरच्या दिशेला. बराच वेळ नुसती माती निघत होती. आमच्या भिंतीत चिरे मातीत रचलेले आहेत आणि वरून चुन्याचा गिलावा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भोक मोठं होत चाललं तसं पोटात गोळा आला. पण अर्ध्या तासाने छिन्नीचा आवाज बदलला. भुसभुशीत भसभस जाऊन टणक टक्-टक् यायला लागला. आत जांभळट लाल, मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा खरा चिरा लागला. तिथे थांबले. सिमेंटला धरायला जागा हवी ती हीच, मातीला सिमेंट धरत नाही.

ब्रशने धूळ काढली आणि भोकाच्या कडा पाण्याने ओल्या केल्या. कोरडा चिरा सिमेंटमधलं पाणी क्षणात पिऊन टाकतो आणि मग ते घट्ट होत नाही, नुसतं सुकतं. शेजारी गवंडीकाम चालू होतं तिथून चाळलेली वाळू मागून आणली. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यातलं मीठ पत्रा खातं. एक वाटी सिमेंट, तीन वाट्या वाळू, पाणी अगदी बेताचं, लाडूसारखं वळता येईल इतपत.

बॉक्स बसवण्याआधी तीन गोष्टी केल्या. वायर जिथून आत येते त्या भोकात रबरी बुश बसवलं, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. दोन्ही कानांत स्क्रूला खोबरेल तेल लावून ते पूर्ण फिरवून ठेवले, म्हणजे आट्यांत सिमेंट जात नाही. आणि बॉक्समध्ये चुरगळलेला कागद गच्च भरला. मग मागे आणि बाजूंना माल भरून, चिऱ्याचे छोटे कपचे दाबून पाचर मारल्यासारखे बसवत बॉक्स आत ढकलला. पाणसळ वर ठेवून बुडबुडा मध्ये आणला. बॉक्सची कड गिलाव्याच्या पातळीला हवी. बाहेर आली तर प्लेट भिंतीला टेकत नाही, आणि फार आत गेली तर स्क्रू आखूड पडतात. माझा बॉक्स दोन सूत आत गेला. तेवढं लांब स्क्रूंनी भागलं.

सगळं मिळून अडीच तास. नंतर आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, हे मला जास्त जड गेलं. दिवसातून दोनदा ओलं फडकं कडेने दाबायचं. नळीने किंवा तांब्याने पाणी मारायचं नाही. ती लाइन सगळा आठवडा बंदच ठेवली. तिसऱ्या दिवशी बॉक्स बोटाने ढकलून बघण्याचा मोह झाला, आणि सासूबाई मागून म्हणाल्या, "विरजण ढवळून बघतात का गो?" हात मागे घेतला.

रविवारी, १७ ऑगस्टला, सॉकेट जोडलं. आधी टेस्ट लॅम्प स्वयंपाकघरात लावून पेटतो ना ते बघितलं. मग इथे, लाल आणि काळ्यात, लाल आणि हिरव्यात, काळ्या आणि हिरव्यात. कुठेच पेटला नाही. पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन पेटतो ना ते बघितलं, म्हणजे बल्बच गेलेला नाही याची खात्री. त्यानंतर मेन आणि इन्व्हर्टरही बंद केले.

वायरीचं आवरण नखाच्या लांबीइतकंच सोललं. तारांना पीळ दिला, टोक दुमडून दुहेरी केलं आणि टर्मिनलमध्ये घातलं. वायर बारीक असली की दुमडल्याने स्क्रूला पकड मिळते. उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये आणि आवरण स्क्रूखाली दाबलं जाता कामा नये. लाल फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आधी बटणात, बटणातून सॉकेटच्या उजव्या टर्मिनलला. काळी न्यूट्रल डावीकडे. हिरवी अर्थिंग वरच्या मोठ्या भोकाच्या टर्मिनलला, आणि तिचाच एक तुकडा बॉक्सच्या पत्र्याला, कारण पत्र्यालाही अर्थिंग हवी. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघितली. न्यूट्रल दुसऱ्यांदा ओढली तेव्हा जराशी सरकली. ती काढून पुन्हा दुमडून बसवली. डिसमिस हातानेच फिरवा, ड्रिल मशीनने नाही, कानातले आटे त्याने लगेच जातात.

वायरी आत कोंबायच्या नाहीत. त्यांची सैल घडी करून एकामागे एक बसवायच्या. प्लेट जोर न लावता बॉक्सवर टेकली पाहिजे. मला प्लेट तीनदा काढावी लागली.

मंगळवारी, १९ ऑगस्टला, काका आले. त्यांनी माझे सगळे स्क्रू पुन्हा बघितले आणि एक अर्धा फेरा आवळला. सॉकेट इन्व्हर्टरवरून काढून मेनच्या लाइनवर, वेगळ्या एमसीबीवर घेतलं. अर्थिंग तपासली. आमच्याकडे आरसीसीबी नव्हता, तो त्यांनी मुख्य बोर्डावर बसवला, ३० मिलिअँपिअरचा, २,१५० रुपये. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला: वीज अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जायला लागली की तो पडतो. दमट घरात ओल्या हातांची लहान-थोर माणसं वावरत असतात, तिथे हा खर्च मला बाकी सगळ्या खर्चापेक्षा आधी करायला हवा होता असं आता वाटतं. काकांनी मजुरीचे पाचशे घेतले.

संध्याकाळी ट्यूब लावली आणि आरसीसीबी पडला. वर केला, पुन्हा पडला. मी तो सारखा सारखा वर केला नाही, ट्यूब बंद ठेवून काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी शोधलं. इन्व्हर्टरला जाणारा फेज आरसीसीबीच्या आधीपासून घेतलेला होता आणि ट्यूबची न्यूट्रल मात्र अजून सॉकेटच्या न्यूट्रलशी, म्हणजे आरसीसीबीच्या पुढे, जोडलेली. जाणारी आणि परतणारी वीज जुळत नाही म्हटल्यावर तो पडणारच. त्यांनी इन्व्हर्टरची जोडणी आरसीसीबीच्या पुढून घेतली, ट्यूबची न्यूट्रल वेगळी केली, आणि या फेरीचे पैसे घेतले नाहीत. आता महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबायचं हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. बोर्डावरच्या प्रत्येक एमसीबीवर नवी, खरी नावंही चिकटवली.

एकूण खर्च: सामान ६७५, काकांचे ८००, आरसीसीबी २,१५०. सगळे मिळून ३,६२५ रुपये. वेळ म्हणाल तर हाताचं काम जेमतेम एका दिवसाचं, बाकी सगळी वाट बघणं. चवथीसाठी असं काही करायचं असेल तर वायरमनला जूनमध्येच गाठा.

प्लेटच्या कडेने राहिलेली फट लांबी (पुट्टी) भरून बंद केली, ती मात्र भिंत ओली असल्याने चार दिवस सुकली नाही. रंग दिवाळीला देऊ.

२६ ऑगस्टला संध्याकाळी माटोळी बांधून झाली. नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, रानातली फळं सगळी वर चढली. नवऱ्याने माळ वरून खाली सोडली आणि पिन सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती सॉकेटमध्ये घातली, बटण दाबलं, दिवे लागले. मग बटण बंद केलं, डाव्या हाताने माटोळीच्या खांबाला धरलं आणि उजव्या हाताने पिन एकदम जोरात ओढून काढली. प्लेटकडे वाकून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पिन पुन्हा आत घातली.